नऊ विमानं आणि एक कॅसिओ

आमची आत्या बिदरला राहायची. उदगीरहून बिदर म्हणजे एसटीनं तास-दीड तासाचा रस्ता. मध्ये राज्य बदलतं, पाट्यांवरची लिपी बदलते, पण बाजारात मराठीवर भागतं. १९९७-९८च्या सुमारास सातवीची परीक्षा देऊन मी तिच्याकडे गेलो होतो. गच्चीवर कुरडया वाळत घातलेल्या आणि त्यांची राखण करायचं काम माझ्याकडे. काठी घेऊन कावळ्यांची वाट बघत बसलो होतो, तर आली विमानं. लाल-पांढरी, एक-दोन नव्हे, नऊ. इतकी जवळजवळ की कुणीतरी एकाच पत्र्यातून कापून काढल्यासारखी. डोक्यावरून गेली, लांब जाऊन सगळी मिळून वर चढली आणि उलटी झाली. मी काठी टाकून कठड्याकडे पळालो तो थेट कुरडयांवरूनच.

आत्या खालून ओरडली, "वर काय बघलालास रे? उन्हानं डोळे जातील. रोजचंच हाय त्येंचं!"

बिदरच्या लोकांना ते खरंच रोजचं होतं. हवाई दलाची सूर्यकिरण ही हवाई कसरतींची टीम १९९६ साली तिथल्याच तळावर उभी राहिली होती. विमानं किरण मार्क-२, म्हणजे एरवी नवख्या वैमानिकांना शिकवायला वापरत ती. हे सगळं मला फार नंतर कळलं. त्या दिवशी फक्त मार बसला.

घड्याळांचा नाद वेगळ्या वाटेनं लागला. मी पुण्यात, चाकणजवळच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. दिवसभर हातात व्हर्निअर, म्हणजे बारीक मोजमापाचं साधन असतं, त्यामुळे बारीक बघायची खोड आहे. २०१६च्या जानेवारीत एचएमटीचा घड्याळांचा कारखाना कायमचा बंद करायला केंद्रानं मंजुरी दिली आणि आमच्या ऑफिसात एकदम सगळ्यांना वडिलांचं घड्याळ आठवलं. मीही तेव्हाच सुरुवात केली. आधी जनता, मग कोहिनूर, मग पायलट, सगळी एचएमटीचीच मॉडेलं. काळी डायल, पांढरे ठसठशीत आकडे, जेमतेम ३५ मिलिमीटरची केस (घड्याळाचं बाहेरचं कवच), रोज चावी द्यायची. पायलट हातात आलं त्या रात्री गच्ची, कुरडया आणि ती नऊ विमानं आठवली. त्या नऊ जणांच्या मनगटावर काय असेल? एवढ्याच एका प्रश्नापायी पुढची आठ वर्षं आणि बायकोच्या हिशेबानं एका बऱ्या फ्रिजची किंमत गेली.

पहिली ठेच २०१८ साली लागली. ऑनलाइन जुन्या वस्तूंच्या बाजारात एक जाहिरात दिसली: एचएमटी पायलट, डायलवर सूर्यकिरणचं चिन्ह, मागच्या झाकणावर सरकारी मालावर असतो तो बाण, आणि खाली लिहिलेलं, "डिस्प्ले टीमच्या पायलटला मिळालेलं, १९८९". साडेसहा हजार. फोनवर विकणारा माणूस इतका गोड बोलत होता की मी घासाघीसही केली नाही. घड्याळ आलं, मी आठ दिवस मिरवलं, आणि मग रविवार पेठेतल्या माझ्या घड्याळजींकडे नेलं. त्यांना सगळे चाचा म्हणतात. चाचांनी डोळ्याला भिंग लावलं, पाच सेकंद पाहिलं आणि भिंग न काढताच म्हणाले, "केवढ्याला पडलं?"

मी हजार रुपये कमी करून सांगितले. तरी ते हसले.

मग त्यांनी मला शिकवलं, आणि ते शिक्षण साडेसहा हजारांत स्वस्तच पडलं असं आता वाटतं. डायलच्या मधल्या भोकाच्या कडेला रंगाचा बारीक फुगवटा होता. कारखान्यातून आलेल्या डायलला तो नसतो. मिनिटांच्या रेघा आकड्यांच्या मध्यावर यायच्या, तर पाचच्या पुढे त्या हळूहळू सरकत गेलेल्या. अक्षरांची कड भिंगाखाली शाई फुटल्यासारखी दिसत होती. मागचा बाण हातानं ठोकलेला: एक पाय खोल, एक उथळ, आणि नखानं चाचपलं तर कडेला धातूची ताजी चीर लागत होती. तीस वर्षं मनगटाला घासलेल्या झाकणावर चीर राहील कशी? झीज आणि चीर यांतला फरक मी कारखान्यात रोज पोरांना समजावतो. पण आपल्या हौसेच्या वस्तूवर डोळे चालत नाहीत हेच खरं.

असल्या घड्याळांना जगभरचे संग्राहक 'मुंबई स्पेशल' म्हणतात, हे ऐकून महाराष्ट्राचा माणूस म्हणून जरा ओशाळायला होतं. जुनं खरं मशीन, दुसऱ्याच घड्याळाची केस, आणि डायल नव्यानं रंगवलेली. मशीन चालतं, वेळ दाखवतं, ती फसवणूक नाही. फसवणूक कहाणीत आहे. आणि त्या कहाणीत तर साधा हिशेबही चुकला होता. सूर्यकिरण उभी राहिली १९९६ला, मग १९८९च्या घड्याळावर तिचं चिन्ह कुठून आलं? १९८२ ते १९८९ या काळात हवाई दलाची टीम होती थंडरबोल्ट्स. विमानं हंटर, रंग निळा-पांढरा. विकणाऱ्याला रंगवायचंच होतं तर निदान ते तरी रंगवायचं. मी त्याला हे कळवलं. त्यानं उत्तरादाखल हात जोडलेलं चित्र पाठवलं आणि मला ब्लॉक केलं.

त्यानंतर मी घड्याळं घेणं थांबवलं आणि वर्षभर नुसतं वाचलं. बाहेरच्या देशांत हा छंद कसा चालतो ते पाहिलं. ब्रिटिश हवाई दलाची घड्याळं ओळखायला सोपी, कारण झाकणावर सगळा पत्ता कोरलेला असतो. सत्तरच्या दशकातली व्हॅल्जू ७७३३ मशीनची क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉच असलेली घड्याळं बघा: बाण, त्याखाली '६बीबी' असेल तर हवाई दल, '०५५२' असेल तर नौदल, खाली अनुक्रमांक आणि तिरप्या रेघेनंतर साल. चावीच्या बाजूला केस मुद्दाम जास्त फुगीर, बटणांना धक्का लागू नये म्हणून. पट्ट्याच्या दांड्या केसला कायमच्या जोडलेल्या. पुढे १९८४पासून सेकोचं ७ए२८ मशीनचं क्वार्ट्झ क्रोनोग्राफ आलं. रेड ॲरोज या ब्रिटिश कसरतींच्या टीमचे वैमानिक हे त्याच हवाई दलाचे, तेव्हा असलं घड्याळ त्यांच्या हातात असणं सहज शक्य. पण मेख अशी की तो पत्ता हवाई दलाचा असतो, माणसाचा नाही. भांडारातून सही करून घ्यायचं, बदली झाली की परत करायचं, मग ते दुसऱ्याच्या मनगटावर. एकाच घड्याळानं वीस वर्षांत किती हात पाहिले असतील, आणि त्यांतला एखादा तरी धूर सोडत उलटा उडत होता की सगळे मालवाहू विमानात बसून डुलक्या घेत होते, हे झाकण सांगत नाही.

इटलीची गोष्ट त्याहून मजेची. तिथली फ्रेच्चे त्रिकोलोरी ही हवाई कसरतींची टीम १९६१ पासूनची, रिवोल्तोच्या तळावरची. या टीमच्या वैमानिकांसाठी ब्राइटलिंग या घड्याळांच्या कंपनीनं १९८३ साली एक क्रोनोग्राफ काढलं, आणि पुढच्याच वर्षी, कंपनीला शंभर वर्षं झाली तेव्हा, तेच क्रोनोमॅट म्हणून बाजारात आणलं. बाहेरच्या फिरत्या कड्यावर चार ठिकाणी उंचवटे, म्हणजे कॉकपिटच्या कडेला हात आपटला तरी काच वाचते. क्वार्ट्झच्या लाटेत बुडत चाललेल्या कंपनीला या घड्याळानं हात दिला. टीमचं चिन्ह असलेलं ते घड्याळ आज लाखांत जातं. पण चिन्ह असलेली घड्याळं गिऱ्हाइकांनीही घेतलेलीच आहेत. रोमच्या एखाद्या दंतवैद्याच्या हातातलं आणि त्या दहा वैमानिकांपैकी एकाच्या हातातलं, दोन्ही मखमलीवर ठेवली तर सारखीच.

म्हणजे कोरलेला बाण पुरत नाही, छापलेलं चिन्ह पुरत नाही. माझ्या पायलटवर तर दोन्ही होतं! मग माणूसच शोधायला हवा, आणि माणसाकडून घड्याळाकडे जायला हवं. एवढं ठरवायला मला दोन वर्षं लागली.

२०२३च्या फेब्रुवारीत बंगळुरूजवळ येलहंकाला एरो इंडिया हे विमानांचं प्रदर्शन होतं, १३ ते १७. मी रजा टाकून गेलो. सूर्यकिरण आता हॉक विमानांवर उडते. किरण विमानं कमी पडू लागली म्हणून २०११ साली टीम थांबवली होती, ती २०१५ला पुन्हा उभी राहिली. हजारो माणसं मान वर करून आभाळात बघत होती, आणि मी दुर्बीण घेऊन धावपट्टीच्या बाजूनं चालत येणाऱ्या वैमानिकांची मनगटं शोधत होतो. शेजारच्या माणसानं विचारलंसुद्धा, "भाईसाब, प्लेन तो ऊपर है." काही दिसलं नाही. ओव्हरॉलच्या बाह्या मनगटापर्यंत आणि पुढे हातमोजे. पण सारंग या हवाई दलाच्याच दुसऱ्या टीमची हेलिकॉप्टरं पाहिली, ध्रुव जातीची, मोराच्या रंगातली, आणि ती एकमेकांसमोरून गेली तेव्हा दुर्बीण गळ्यात तशीच राहिली. हे विषयांतर झालं, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माणूस शेवटी पुण्यातच सापडला. लोहगावचा तळ जवळ असल्यामुळे विमाननगर, धानोरी, कळस या भागात हवाई दलातून निवृत्त झालेली बरीच मंडळी राहतात. माझ्या एका सहकाऱ्याच्या सोसायटीत एक गृहस्थ पाण्याच्या टँकरच्या हिशेबावरून सभेत सगळ्यांना उभं-आडवं घ्यायचे. सहकारी एकदा वैतागून म्हणाला, "म्हातारा पूर्वी सूर्यकिरणमध्ये होता म्हणे, अजून सगळ्यांना फॉर्मेशनमध्येच उभं करतो." मी चहाचा कप खाली ठेवला.

पहिल्या भेटीला मी घड्याळाचं नावच काढायचं नाही असं ठरवून गेलो होतो. दहा मिनिटांत काढलं. सर (मी त्यांना सर म्हणतो, त्यांचं नाव इथे देत नाही) जोरात हसले.

"घड्याळ? अहो, फॉर्मेशनमध्ये घड्याळ बघणारा माणूस दुसऱ्यांदा उडत नाही."

मग त्यांनी टीपॉयवरच्या बिस्किटांची विमानं केली. पुढचं बिस्किट लीडर. बाकीच्यांनी फक्त त्याच्याकडे बघायचं. त्याच्या विमानावरच्या दोन ठरलेल्या खुणा एका रेषेत धरायच्या, त्या रेषेत आहेत तोवर तुम्ही तुमच्या जागी. जमीन कुठे, आभाळ कुठे, हे बघायचं काम तुमचं नाही. लूप (उभं रिंगण) चाललाय की रोल (जागच्या जागी गिरकी), ते लीडरच्या आवाजावरून कळतं. डोळे त्या खुणांवरून हलले की संपलं. विंगमनच्या, म्हणजे लीडरच्या बाजूनं उडणाऱ्याच्या मनगटावर सोन्याचं असो की शाईनं काढलेलं, सारखंच.

"मग घड्याळ लागतं कधी?"

"जमिनीवर." ब्रीफिंगमध्ये सगळ्यांची घड्याळं मिळवून घ्यायची, त्याला ते टाइम हॅक म्हणतात. लीडर पुढची वेळ सांगतो, तीन-दोन-एक मोजतो, आणि 'हॅक' म्हटलं की सगळ्यांनी बटण दाबायचं. इंजिन सुरू कधी, चाकं हलणार कधी, प्रेक्षकांच्या डोक्यावर कितव्या सेकंदाला, हे सगळं त्यावर. समोर मंत्री भाषण करत असेल तर त्याला उशीर चालतो, विमानांना नाही.

"तुमचं कुठलं होतं?" मी विचारलं. मनात सेको, सिटिझन, अगदी ओमेगासुद्धा येऊन गेलं. निदान एचएमटी.

सरांनी आत बघून हाक मारली, "अगं, ते तुझं घड्याळ आण गं जरा."

आतून आवाज आला, "थांबा, इडल्या लागल्यात. चार मिनिटं राहिलीत."

चार मिनिटांनी काकू आल्या आणि त्यांनी माझ्या हातात काळं प्लॅस्टिकचं कॅसिओ ठेवलं. एफ-९१डब्ल्यू. आमच्या बारावीच्या वर्गात निम्म्या पोरांच्या हातात होतं ते. पट्ट्याला डाळीच्या पिठाचे डाग. स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेलं असायचं.

माझा चेहरा पडला असणार, कारण सर म्हणाले, "पटत नाही ना? हातात धरा. किती वजन आहे?" एकवीस ग्रॅम असतं. "लूपमध्ये शिरताना चार जी लागले की माणसाच्या अंगावरचं सगळं चौपट जड होतं. हे होतं चौऱ्याऐंशी ग्रॅम. आता तुमचं ते स्टीलचं, साखळीवालं, दीडशे ग्रॅमचं घाला. सहाशे ग्रॅम! एवढं ओझं मनगटाला बांधून तासाला पाचशेच्या वेगात स्टिक केसभर हलवायची." त्यांनी हवेत स्टिक धरल्यासारखी मूठ केली. मूठ हलली ती खरंच केसभर.

वर्षभर केलेलं वाचन कामाला आलं ते इथे. या घड्याळाच्या नकला बाजारात ढिगानं आहेत आणि ओळखायला एक सोपी युक्ती आहे: उजवीकडचं बटण तीनेक सेकंद दाबून धरायचं. खरं असेल तर पडद्यावर 'कॅसिओ' अशी अक्षरं उमटतात. मी दाबलं. उमटली. काकू वाकून बघत होत्या. "अगंबाई, हे मला एवढ्या वर्षांत माहीत नव्हतं," म्हणाल्या, आणि मग त्यांनी ते माझ्या हातातून घेऊन स्वतः तीनदा करून पाहिलं.

पट्ट्याचं टोक अडकवायची कडी मूळची नव्हती. तिच्या जागी सायकलच्या ट्यूबचा कापलेला तुकडा, बोटभर रुंद. "ती बिदरलाच तुटली," सर म्हणाले. "एअरमननं सायकल स्टँडवर कापून दिली. कॉकपिटमध्ये काही लोंबकळत राहिलेलं चालत नाही. म्हटलं तात्पुरती बसव." मी त्यांना सांगितलं की माझी आत्या बिदरला राहायची, आणि कुरडयांचंही सांगितलं. त्यावर काकू म्हणाल्या, "आमच्याही पापडांवर यांच्या डिझेलचा धूर बसायचा." तो शोभेचा धूर म्हणजे जेटच्या गरम झोतात सोडलेलं डिझेल, हे मला तेव्हाच कळलं.

आणि मग काकूंनी जे सांगितलं, त्यासाठीच खरं तर हे सगळं लिहायला बसलोय.

डिस्प्लेच्या आदल्या रात्री सर दिवाणखान्यात लाकडी खुर्ची मध्ये ओढायचे, डोळे मिटायचे आणि बसल्या जागी सगळा डिस्प्ले उडायचे. उजव्या हातात नसलेली स्टिक, डावा हात नसलेल्या थ्रॉटलवर, पाय फरशीवर पेडल दाबल्यासारखे. लीडरचे हुकूम त्याच्याच चालीत पुटपुटायचे, 'पुलिंग अप... नाऊ.' मान कायम एका बाजूला वळलेली, कारण लीडर तिकडे. आणि काकू हे घड्याळ हातात घेऊन समोर उभ्या. स्टॉपवॉचचं बटण त्यांच्या अंगठ्याखाली. लूपला किती, पुढच्या वळणाला किती, असे सेकंद त्या वहीत मांडायच्या. चुकलं तर सर डोळे न उघडता म्हणायचे, 'पुन्हा.'

"एकदा कुकरची शिट्टी झाली मध्येच," काकू म्हणाल्या. "मी गॅस बंद करायला गेले. तर हे उलटेच लटकलेले! आले तेव्हा डोळे मिटूनच म्हणतात, अगं, किती वेळ उलटा ठेवणारेस?"

सर नुसते बिस्किटं परत पुड्यात भरत होते.

तर डिस्प्ले वैमानिकानं वापरलेलं म्हणून मी जे शोधत होतो, त्याचं बटण सगळ्यात जास्त वेळा दाबलं होतं त्यांच्या बायकोनं.

मी विकत मागितलं. काकू स्पष्ट नाही म्हणाल्या. "इडलीला बारा मिनिटं लावते मी यावर." मी नवीन घेऊन देतो म्हटलं. "मग नवीन तुम्हीच ठेवा की." यावर काय बोलणार?

पण सरांनी अल्बम काढून दिला, आणि पुढचे दोन महिने माझं खरं काम झालं. घड्याळ मिळो न मिळो, ते तेच आहे हे सिद्ध करायचं. बहुतेक फोटोंत मनगट झाकलेलं. एका फोटोत मात्र सर विमानाच्या शिडीवर उभे आहेत, बाही वर सरकलेली, डावा हात कॉकपिटच्या कडेवर. छापील फोटोत ते मनगट चार मिलिमीटरसुद्धा नाही. मी तो स्कॅन करून आणला, मोठा केला. आकडे काही दिसत नाहीत, नुसता काळा चौकोन. कॅसिओ कुणाच्याही हातात असू शकतं. पण पट्ट्यावर एक जाड, बिनचमकीचा पट्टा आडवा दिसत होता. मूळची कडी अरुंद असते. मी पट्ट्याची रुंदी आणि त्या आडव्या पट्ट्याची रुंदी यांचं प्रमाण काढलं, मग धानोरीला व्हर्निअर घेऊन गेलो आणि ट्यूबचा तुकडा मोजला. जुळलं. माझ्या आयुष्यात इतक्या कौतुकानं मी कुठलाही बेअरिंग मोजलेला नाही.

कागदाचं म्हणाल तर मी एकच गोष्ट मागतो: त्या माणसाच्या अक्षरातलं पत्र. घड्याळ कुठून घेतलं, केव्हा घातलं, काय तुटलं, काय बदललं. लॉगबुकची पानं मी मागत नाही, ती ज्याची त्याच्याकडे असावीत. आणि भांडारातून मिळालेलं, परत न केलेलं घड्याळ कुणी देऊ केलं तर घेत नाही. सरकारी मालाची भानगड गळ्यात नको, शिवाय झोपही नीट लागत नाही. स्वतःच्या पैशानं घेतलेलं, स्वतःच्या हातानं झिजवलेलं, तेवढंच. सरांच्या पत्रात एक ओळ आहे: 'कडी बिदरला तुटली, सायकल कोणाची होती ते माहीत नाही.'

पुढच्या वर्षी पावसाळ्यात काकूंचा फोन आला. मुलीकडे कायमचं राहायला चालले होते, सामान आवरत होते. "ते न्या तुमचं," म्हणाल्या. म्हणजे आता ते माझं झालं होतं. पैसे घेतले नाहीत. अट एकच, तासातासाला वाजणारी टूक-टूक बंद करायची नाही. मी त्यांना स्वयंपाकघरासाठी टायमर नेऊन दिला, मोठ्या आकड्यांचा. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाल्या, "याचा आवाज फार मोठा आहे."

घरी आणलं तेव्हा पडदा फिकट झाला होता, सेल शेवटाला आलेला. मी ते चाचांकडे नेलं नाही, नेलं असतं तर त्यांनी पुन्हा 'केवढ्याला पडलं' विचारलं असतं. मागे चार बारीक स्क्रू. त्यांतल्या एकाचा खाचा आधीच कुणीतरी बिघडवलेला. सरांनीच असावा, स्वयंपाकघरातल्या सुरीनं. झाकणाखाली रबराची कडी, आणि मशीनवर सेल, सीआर २०१६. जुना चिमट्यानं काढला, नवा बसवला. इथे बरेचजण फसतात: नवा सेल घालूनही पडद्यावर भलतंच काही दिसतं. मशीनवर 'एसी' लिहिलेला एक ठिपका असतो, तो आणि सेलचा वरचा भाग चिमट्यानं क्षणभर जोडायचा, की मशीन पहिल्यापासून सुरू होतं. पट्ट्याला मी हात लावला नाही. वीस-पंचवीस वर्षांनी कुठलाही रेझिनचा पट्टा कडक होतो, जास्त वाकवला तर मोडेल. पिठाचे डागही पुसले नाहीत. बायको म्हणाली, निदान ते तरी पूस. मी म्हटलं, ती इडली आहे. तिनं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि विषय सोडून दिला.

कपाटात त्याच्या शेजारी चाचांनी पास केलेलं एचएमटी पायलट आहे, आणि ते साडेसहा हजारांचं रंगीत पायलटही आहे. तेही ठेवलंय. थंडरबोल्ट्सच्या वैमानिकाचं एकही मिळालेलं नाही. ते लोक आता सत्तरीच्या आसपास असतील, आणि त्या काळी घड्याळ म्हणजे बहुतेक काट्यांचंच, तेव्हा शोध चालू आहे.

एसीचा ठिपका जोडल्यावर वेळ शून्यावर आली होती. मोबाइल बघून लावली असती तर अर्ध्या मिनिटाचं काम. पण मी सरांना फोन लावला आणि म्हटलं, सर, तुमच्या घड्याळाला टाइम हॅक पाहिजे.

पलीकडे काही सेकंद शांतता. मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"नऊ वाजून चौदा मिनिटं होतायत. बटणावर बोट ठेवा." आवाज एकदम वेगळा, धानोरीच्या सभेतलाही नाही. "स्टँड बाय. पाच... चार..."

मागून काकूंचा आवाज आला, "अहो, ते भिंतीवरचं घड्याळ दोन मिनिटं पुढे आहे!"

"थांबा," सर म्हणाले. "पुन्हा."